निवृत्तीनंतर शिडाची होडी आणि पर्यटक बोटीवरचं अर्धवेळ काम: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकतीस वर्षं मी रेल्वेत होतो, त्यातली बरीचशी लोकलचा मोटरमन म्हणून. साठाव्या वर्षी हँडल खाली ठेवलं. त्याच हिवाळ्यात शिडाची होडी शिकायला लागलो. आता ऑक्टोबर ते मे या काळात आठवड्यातले तीन दिवस गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटीवर असतो. प्रवाशांना चढवतो-उतरवतो आणि वाटेत माहिती सांगतो. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत, जुन्या सहकाऱ्यांच्या भेटीत, पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेलो तरी, लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

साठीनंतर शिडाची होडी शिकता येते का?

येते. फ्रान्सिस चिचेस्टर यांनी १९६६-६७ मध्ये एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली तेव्हा ते पासष्टीचे होते. जपानचे केनिची होरिए २०२२ मध्ये एकट्याने प्रशांत महासागर ओलांडून आले, वय ८३. आपल्याला एवढं काही करायचं नाही. गेटवेसमोरच्या बंदरात दोन-तीन तास फिरून चहाच्या वेळेला परत यायचं आहे.

शरीराकडून लागतं ते असं: जमिनीवर बसून आधाराशिवाय उठता यावं, वाकून एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकता यावं, दोर ओढता यावा. दोराला कप्प्या असतात, त्यामुळे ताकदीचं काम वाटतं तेवढं नसतं. खरं काम लक्षाचं आहे. वारा कानाच्या पाळीवर आणि मानेवर जाणवतो, आणि तो कधी फिरला हे डोळ्यांच्या आधी कातडीला कळतं. हे कळायला मला एक अख्खा महिना लागला.

मला जड गेली ती गोष्ट वेगळी होती. मी इतकी वर्षं हजारो माणसं घेऊन जाणारी गाडी एकट्याने हाकली होती. आणि इथे सव्वीस वर्षांचा मुलगा मला सांगत होता, "काका, सुकाणू सोडा, आधी नुसते बसा." पहिले दोन दिवस मी मनातून तणतणत होतो. तिसऱ्या दिवशी वारा पडला, होडी जागच्या जागी डुलत राहिली, आणि इथे माझ्या हुकमाने काहीच हलणार नाही हे लख्ख समजलं. तिथून शिकणं सुरू झालं. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांना मी हे आवर्जून सांगतो: गुडघ्यांच्या तयारीइतकीच हीही तयारी करून या.

होडीला ब्रेक नसतो, मग थांबवतात कशी?

वाऱ्याकडे तोंड करून. होडीचं नाळेकडचं, म्हणजे पुढचं, टोक वाऱ्याच्या समोर आलं की शीड फडफडायला लागतं, त्यात वारा धरला जात नाही आणि वेग मरतो. मोटरमनच्या हँडलवरचा हात निघाला की गाडी आपोआप ब्रेक घेते, ती सोय डेडमॅन हँडल म्हणून ओळखतात. नीट बांधलेल्या शिडाच्या होडीतही थोडंफार तसंच होतं: सुकाणूचा दांडा सुटला तर बहुतेक होड्या आपणहून वाऱ्याकडे वळतात आणि मंदावतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पण धक्क्याला लागताना वेग किती आधी सोडायचा, याचा अंदाज सरावानेच येतो. बारा डब्यांची गाडी फलाटावर योग्य जागी उभी करण्याइतकंच ते कसबाचं आहे.

पोहता येत नाही. चालेल का?

लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणी होडीत घेणारच नाही, आणि त्याने माणूस तरंगतो. तरी पाण्यात पडल्यावर घाबरून न जाणं हे शिकावंच लागतं. शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी जलतरण तलावासारख्या ठिकाणी दोन महिने जा. शर्यतीचं पोहणं नको. पाठीवर तरंगता आलं, तोंडात पाणी गेलं तरी श्वास सांभाळता आला, एवढं पुरे.

होडी उलटली तर?

छोट्या हलक्या होड्या, म्हणजे डिंगी, उलटतात. ती शिकण्यातलीच एक पायरी समजतात आणि तरुण मुलं हसतहसत होडी सरळ करून पुन्हा चढतात. साठीनंतर पाण्यातून स्वतःला वर ओढून घेणं खांद्यांना कठीण जातं. म्हणून मी सांगतो, कीलबोटीवर शिका. तिच्या बुडाखाली जड कणा असतो. वाऱ्याने ती कलते, पाणी काठाला लागल्यासारखं वाटतं, पण खालचं वजन तिला पुन्हा उभं करतं. जे-२४ जातीच्या होड्या अशाच, सव्वासात मीटर लांबीच्या, चार-पाच माणसांनी मिळून चालवायच्या. चार-पाच जण असले की वय झालेल्या माणसाला सोसेल तेवढंच काम वाट्याला येतं, हाही एक फायदा.

मुंबईत शिकायचं कुठे?

अपोलो बंदरावर रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, १८४६ साली स्थापन झालेला. कुलाब्यातच कुलाबा सेलिंग क्लब आहे. याशिवाय शिकवणाऱ्या खासगी संस्थाही आहेत. कुठेही पैसे भरण्याआधी तीन गोष्टी स्वतः पाहा. शिकवणाऱ्याकडे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाची किंवा तत्सम मान्यता आहे का. होड्यांबरोबर इंजिनाची बचाव बोट पाण्यात असते का. आणि तुमच्या वयाचं कुणी आधी शिकून गेलं आहे का. असेल तर त्या माणसाला फोन करा. माहितीपत्रक वाचण्यापेक्षा ते बरं.

स्वतःची होडी घ्यावी लागते का? खर्च फार असेल ना?

होडी घेऊ नका, निदान पहिली तीन वर्षं. होडी विकत घेणं सोपं, ती ठेवणं महाग: नांगराची जागा, पावसाळ्यात बाहेर काढणं, बुडाला चिकटलेली कालवं खरवडणं, रंग, शिडाची दुरुस्ती. क्लबांचं सभासदत्वही स्वस्त नाही. पण एक वाट बहुतेकांना माहीत नसते. ज्यांच्याकडे होड्या आहेत, त्यांना शनिवार-रविवारी हात लागतात. मूळ अभ्यासक्रम पुरा केलेला, वेळेवर येणारा, सांगितलेलं ऐकणारा माणूस त्यांना हवाच असतो. मी गेली कित्येक वर्षं दुसऱ्याच्या होडीत क्रू म्हणून जातो आणि दोर ओढतो. शिडाचा आनंद त्यामुळे कणभरही कमी झालेला नाही.

वर्षातले कोणते महिने?

ऑक्टोबर ते मे. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे सुख.

हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो, मंद आणि गार. रात्रभरात जमीन समुद्रापेक्षा जास्त थंड झालेली असते म्हणून. ऊन चढलं की तो पडतो आणि काही वेळ समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होतो. मग जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते, आणि दुपारी समुद्राकडून, वायव्येच्या अंगाने, खारा वारा भरतो. संध्याकाळपर्यंत तो दहा-बारा नॉटपर्यंत जातो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. नवशिक्याने सकाळी जावं, सराव झाला की दुपारी.

भरती-ओहोटीचं गणित कसं कळतं?

घरातल्या कॅलेंडरवरून. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन, तीन. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. हे गणित अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे पाण्यात जाण्याआधी छापील भरतीचं कोष्टक पाहायचंच. पण तिथी डोक्यात असली की सकाळी चहा घेतानाच दिवसाचा अंदाज बांधता येतो. मी तीस वर्षं वेळापत्रक पाठ केलं, ते सेकंदाचं होतं. हे चंद्राचं आहे, आणि त्यात उशिराबद्दल कुणी मेमो देत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा मुंबईत भरतीचं पाणी साडेचार मीटरच्याही वर जातं आणि ओहोटीला तितकंच खोल उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग. पाण्याची चढउतार कमी. उधाणाच्या दिवसांत बंदरातल्या पाण्याला दोन-तीन नॉटची ओढ असते. वारा मंद असेल तर शिडाची होडी पुढे जाते असं वाटतं आणि किनाऱ्याकडे पाहिलं तर आपण मागे सरकत असतो. म्हणून निघताना ओहोटीबरोबर बाहेर आणि परतताना भरतीबरोबर आत, असं जुळवून घ्यायचं. भांगाच्या दिवशी एवढा विचार लागत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना मी भांगाचेच दिवस सुचवतो. धक्क्याच्या पायऱ्या आणि बोटीचा काठ यांतलं अंतर तेव्हा सोसवतं.

बंदरात एवढी मोठी जहाजं असतात. भीती वाटत नाही?

भीती वाटावी. तीच माणसाला मागे वळून बघायला लावते.

नियम असा आहे की इंजिनाच्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यायची. पण अरुंद जलमार्गात फक्त तिथूनच जाऊ शकणाऱ्या मोठ्या जहाजाची वाट शिडाच्या होडीने अडवायची नाही. न्हावाशेव्याकडे निघालेल्या कंटेनर जहाजाला थांबायला आणि वळायला फार जागा लागते, आणि त्याच्या नाळेजवळची होडी त्याला दिसतही नाही. हे मला कुणी वेगळं समजवावं लागलं नाही. धावती लोकल पाहून रूळ ओलांडणाऱ्या माणसाला मी केबिनमधून पाहिलं आहे, कितीदा तरी. ब्रेक लावूनही गाडी पुढे जातच राहते, त्या सेकंदांत मोटरमनच्या हातात काहीच उरत नाही. जहाजाच्या कप्तानाचं तसं होऊ नये, म्हणून मी फार लांबून वळतो.

दोन शिडाच्या होड्या समोरासमोर आल्या, तर जिच्या डाव्या कुशीवर वारा आहे तिने बाजूला व्हायचं. बंदरात येताना लाल बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. लाल-हिरव्याशी माझं जुनं नातं. इथे मात्र लाल म्हणजे थांबा नव्हे, हे मनावर ठसवायला वेळ लागला. आणि कोळ्यांच्या जाळ्यांवरचे तरंगते बोये दिसले तर त्यांच्यामधून जाऊ नका. तिथे त्यांचं पोट आहे.

पर्यटक बोटीवर निवृत्त माणसाला कोणतं काम मिळतं?

प्रवाशांना चढवणं-उतरवणं, लाइफ जॅकेट बांधून देणं, माणसं मोजणं, तिकिटं पाहणं, माहिती सांगणं, म्हाताऱ्या आणि लहान मुलांकडे लक्ष ठेवणं. ठाणे खाडीत फ्लेमिंगो दाखवायला हिवाळ्यात बोटी जातात, ऐरोलीला वनविभागाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून. पक्ष्यांची आवड असणाऱ्यांना ते क्षेत्र जवळचं वाटेल. शिडाच्या होडीतून संध्याकाळी फिरवून आणणारेही आहेत. तिथे पाहुण्यांशी बोलणारा आणि दोर ओळखणारा माणूस लागतो.

स्वतः बोट चालवता येईल?

प्रवासी बोट सक्षमता प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र सागरी मंडळ हे काम पाहतं, आणि २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू आहे. त्यासाठी बोटीवरचा अनुभव, परीक्षा, वैद्यकीय तपासणी या सगळ्यांतून जावं लागतं. नौदलातून किंवा व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेल्यांनी आपली कागदपत्रं घेऊन चौकशी जरूर करावी.

बाकीच्यांना माझा सल्ला: त्या वाटेला जाऊ नका. आमचे सारंग, म्हणजे बोट चालवणारे, पस्तिशीचे आहेत, उरणकडच्या कोळी घरातले. त्यांना पाण्याचा रंग पाहून खाली चिखल आहे की खडक, हे सांगता येतं. ते मला काका म्हणतात आणि मी त्यांना नाखवा म्हणतो, अहो-जाहो करतो. बोटीवर त्यांचा शब्द शेवटचा. हे ज्याला मानवेल त्यानेच यावं.

काम मिळवायचं कसं?

जाहिरात क्वचितच असते. मी सलग दोन आठवडे तिकीट काढून प्रवासी म्हणूनच गेलो. उतरताना थांबून म्हाताऱ्यांना हात द्यायचो. दुसऱ्या आठवड्यात सारंगांनीच विचारलं, "काका, रोज कशाला येता?" मग मालकाशी गाठ घालून दिली. पोलीस पडताळणी, आधार, डॉक्टरांचा दाखला आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र बरोबर ठेवा. मराठी, हिंदी आणि मोडकंतोडकं इंग्रजी येत असेल तर उत्तम. गुजराती आली तर आणखी उत्तम.

लेण्यांच्या आवारात शिरून पर्यटकांना मार्गदर्शन करायचं असेल तर मान्यताप्राप्त गाइडचं ओळखपत्र लागतं. बोटीवर सांगणं वेगळं, तिथे सांगणं वेगळं. मी धक्क्यावर थांबतो.

पैसे किती मिळतात? पेन्शनवर परिणाम होतो का?

लोकलचा पास, दुपारचं जेवण आणि महिन्याची औषधं सुटतात. घर चालवण्याच्या विचाराने येऊ नका. मिळेल ते आयकर विवरणपत्रात दाखवा. केंद्र सरकारच्या गट अ सेवेतून निवृत्त झालेल्यांना पहिल्या वर्षात व्यावसायिक नोकरी धरायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. इतरांनी आपापल्या खात्यात एकदा विचारून घ्यावं.

वाटेत प्रवाशांना काय सांगता?

हा माझा आवडता प्रश्न. घारापुरीला पोचायला साधारण तासभर लागतो आणि तो तास लोक मोबाइलमध्ये घालवतात, याचं मला वाईट वाटतं.

बोट सुटली की मी सगळ्यांना आधी मागे वळायला सांगतो. गेटवेची कमान पाण्यातूनच पाहायची असते. तिचं तोंड समुद्राकडे आहे. पंचम जॉर्ज १९११ साली आला त्याची आठवण म्हणून ती बांधायला घेतली, आणि १९२४ मध्ये पुरी झाली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडून बोटीत बसली. हे सांगितलं की माणसं शांत होतात. एकदा पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "मग दार कुणी लावलं?" मी त्यावर आजही विचार करतो.

पुढे डाव्या हाताला नौदलाची गोदी. तिथे कॅमेरे खाली ठेवायला सांगतो. मग मिडल ग्राउंडचं छोटं, तटबंदीचं बेट. समोर जवाहर द्वीप, त्याला जुने लोक बुचर आयलंड म्हणतात; तिथे तेलाची जहाजं लागतात. पलीकडे तुर्भ्याच्या बाजूला अणुसंशोधन केंद्राचा घुमट, उजवीकडे न्हावाशेव्याच्या क्रेन, आणि उत्तरेला, हवा स्वच्छ असेल तर, अटल सेतूची लांब रेघ. हा सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, लांबी जवळजवळ २२ किलोमीटर.

घारापुरी जवळ आली की नाव सांगतो. पोर्तुगीजांना धक्क्याजवळ दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी एलिफंटा म्हटलं. तो हत्ती आता भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. त्याला पाहायला बोट लागत नाही, बेस्टची बस पुरते. लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी गावं आहेत आणि तिथे माणसं राहतात. २०१८ मध्ये तिथे कायमची वीज पोचली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक तिथल्या ताक-काकडी विकणाऱ्या बाईशी अशी घासाघीस करतात, जणू ती लेण्यांसाठीच मांडून ठेवली आहे.

सीगल पक्ष्यांना कुरकुरे टाकू नका, हे रोज सांगतो. रोज कुणीतरी टाकतं. मी पुन्हा सांगतो.

बोट सुरक्षित आहे हे कसं ओळखायचं?

१८ डिसेंबर २०२४ च्या दुपारी घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. प्रवासी बोट बुडाली, माणसं गेली. त्या दिवशी आसपासच्या बोटवाल्यांनी पाण्यातून किती जणांना ओढून घेतलं, ते मी ऐकलं आहे. तेव्हापासून लाइफ जॅकेट घालण्याबद्दल सक्ती आहे. उकाड्यात लोक कुरबुर करतात. मी कुणाशी वाद घालत नाही. समोर उभा राहतो आणि स्वतःच्या हाताने पट्टा बांधतो.

कामाला लागण्याआधी हे पाहा: बोटीची नोंदणी आणि तपासणीचा दाखला चालू आहे का. किती माणसांची परवानगी आहे, तो आकडा बोटीवर रंगवलेला असतो. तेवढी जॅकेटं आहेत का, त्यांत लहान मुलांची किती. विमा आहे का, आणि त्यात तुमच्यासारखा अर्धवेळ माणूस धरलेला आहे का.

पहिल्या हंगामात एका बोटीवर, सुट्टीच्या दिवशी, माझ्या मोजणीपेक्षा अकरा माणसं जास्त चढली. मी सांगितलं. "चालतं काका, जवळच तर जायचंय," असं उत्तर आलं. मी उतरलो आणि परत गेलो नाही. रेल्वेत सिग्नल लाल असेल तर साहेब पाठीमागे उभा असला तरी गाडी हलत नाही. नाखव्याच्या हाताखाली काम करायचं म्हणजे मोजणीतही मान डोलवायची असं नाही. सारंगांचा शब्द शेवटचा असतो तो समुद्राबद्दल. माणसं मोजायचं काम तुमच्याकडे असेल तर आकडा तुमचा, आणि तो खाली आणला गेला नाही तर बोटीत बसू नका.

समुद्रात कुणी संकटात दिसलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. बोटीच्या रेडिओवर चॅनल १६.

बोट लागते. काय करावं?

मधोमध, खालच्या मजल्यावर बसा, क्षितिजाकडे पाहा, मोबाइल खिशात. रिकाम्या पोटी येऊ नका आणि मिसळ खाऊनही येऊ नका. आल्याचा तुकडा बऱ्याच जणांना उपयोगी पडतो. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून. या गोळ्यांनी झोप येते, आणि ओल्या डेकवर झोपाळलेला म्हातारा माणूस हा धोका आहे.

रक्तदाब, मधुमेह, सांधे?

डॉक्टरांना "समुद्रावर जातो" एवढंच सांगू नका. चार तास उन्हात, हलत्या लाकडावर उभा असतो, असं सांगा. माझ्या डॉक्टरांनी त्यावरून सकाळच्या एका गोळीची वेळ बदलली. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर शिडाखालची आडवी काठी, जिला बूम म्हणतात, ती डोक्याला लागणं फार महागात पडेल. त्यांनी आधी नीट बोलून घ्यावं. मधुमेहींनी खिशात गूळ-शेंगदाणे ठेवावे. ओहोटीला पायऱ्यांवर शेवाळ उघडं पडतं. मी तिथे एकदा घसरून मनगट मोडून घेतलं आहे, सहा आठवडे प्लास्टर. घाई नव्हती, फक्त लक्ष दुसरीकडे होतं.

काय घालावं?

पायाला पट्टा असलेले, रबरी तळव्याचे बूट. हवाई चप्पल नको. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. टोपीला आणि चष्म्याला दोरी. कानाचं यंत्र असेल तर शिडाच्या दिवशी ते घरी ठेवावं, आणि सोबत्यांना तसं आधी सांगावं. कवळीसुद्धा सांभाळा, वाऱ्यात जोरात ओरडताना एकांची गेलेली मी पाहिली आहे, आणि बिचारे दिवसभर बोलले नाहीत.

घरचे नाही म्हणतात.

माझी मुलगी सहा महिने बोलायची नाही नीट. "आयुष्यभर तुमच्या ड्युटीची काळजी केली, आता पुन्हा?" असं म्हणाली. तिचं खरं होतं. मोटरमनच्या घरातली माणसं घड्याळाकडे बघत मोठी होतात. मी तिला पटवायला गेलो नाही. तीन गोष्टी केल्या. निघताना आणि परतल्यावर फोन, न चुकता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर भरतीची वेळ आणि माझी परतीची वेळ लिहून ठेवायची. आणि वारा जास्त असेल तर जायचं नाही, ठरलेलं असलं तरी. पहिल्यांदा मी असा बूट काढून परत घरात आलो, त्या दिवशी तिने काही न बोलता चहा टाकला. पुढच्या हिवाळ्यात नातवाला घेऊन स्वतः बोटीवर आली.

सौभाग्यवतींना शीड आवडत नाही, कलतं म्हणून. त्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोट आवडते, तिच्यावर चहा मिळतो. आम्ही महिन्यातून एकदा तसे जातो.

पावसाळ्यात काय करता?

शिडाच्या होड्या पाण्याबाहेर काढतात, झाकतात. जून-जुलै मासेमारीही बंद असते. गेटवेहून मांडव्याच्या लाँचही थांबतात. मी गाठी बांधतो, बोलाइन नावाची गाठ आता डोळे मिटून येते; गुडघ्यांचे व्यायाम करतो, आणि घारापुरीबद्दल वाचतो. नारळी पौर्णिमेला नाखव्यांच्या घरी जेवायला जातो. नारळीभात त्यांच्या आईच्या हातचा.

शिडाने कुठवर जाता येतं?

बंदराच्या आतच वर्षानुवर्षं पुरेल एवढं आहे. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेई या शिडाच्या नौकेतून एकट्याने जगाला वळसा घालून मुंबईत परत आले, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता तेच करून आले. त्यांची वाट ह्याच पाण्यातून सुरू झाली, हे मला नांगर उचलताना आठवतं.

माझी सर्वात लांबची मजल खांदेरी. अलिबागजवळच्या थळच्या समोरचं बेट. १६७९ साली शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रज व सिद्दी दोघांशी झुंज झाली. २०२५ मध्ये मराठा किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशात गेला. बेटावर १८६७ चं दीपगृह आहे, वेताळाचं देऊळ आहे, आणि दगडाने वाजवला तर धातूसारखा नाद देणारा एक खडक. आम्ही पहाटेच्या मतलईवर निघालो, दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने परतलो. मी सगळा वेळ पुढच्या शिडाचा दोर धरून होतो. सुकाणू होतं मला शिकवणाऱ्या त्या मुलाच्या हातात. येताना कुलाब्याच्या टोकापुढचं प्राँग्सचं दीपगृह डाव्या हाताला आलं तेव्हा तो म्हणाला, "काका, आता तुम्ही घ्या." गेटवेपर्यंत मी आणली.

एकदा तुमच्याबरोबर यायचं आहे.

सोमवार सोडून या, सोमवारी लेणी बंद असतात. नऊच्या आधी धक्क्यावर पोचा, पहिल्या बोटीला गर्दी कमी असते. भांगाचा दिवस पाहून या. शेवटच्या पायरीवर थांबा, बोट वर आली की मी हात देतो, तेव्हा पाय टाका.